आंधळ्या कुत्र्याला घर मिळवून देताना: आधी काय, नंतर काय

आंधळा कुत्रा सापडला की बहुतेक जण त्याच संध्याकाळी फोटो काढतात आणि 'अर्जंट अडॉप्शन' म्हणून पोस्ट टाकतात. दोन दिवस हळहळ जमा होते, मग कुणीतरी येऊन त्याला घेऊन जातं. महिन्याभरात फोन येतो: भिंतीला धडकतो, रात्रभर ओरडतो, मुलाच्या अंगावर गेला. कुत्रा परत येतो आणि आता तो आधीपेक्षा जास्त घाबरलेला असतो.

अशा वेळी खापर आंधळेपणावर फुटतं, पण चुकलेला असतो क्रम. कुत्र्याची ओळख होण्याआधीच त्याच्यासाठी घर शोधलेलं असतं. म्हणून इथे पोस्ट टाकण्याची पाळी पाचव्या टप्प्यावर येते. सहा ते आठ आठवडे लागतील असं धरून चला. तेवढा वेळ आपल्याकडे नसेल, तर आधी फॉस्टर घर (तात्पुरतं सांभाळणारं घर) शोधा, कायमचं घर नंतर.

टप्पा १: उचलण्याआधीच्या दोन चौकश्या

पहिली चौकशी, तो कुणाचा आहे का? पग, शिट्झू, लॅब्रेडोर असा कुत्रा रस्त्यावर आंधळा सापडला की कुणीतरी टाकून दिला असं आपण धरूनच चालतो. पुष्कळदा ते खरंही असतं. पण उघड्या गेटमधून निसटलेला म्हातारा आंधळा कुत्रा स्वतःहून घरी परतू शकत नाही, हेही तितकंच खरं. आसपासचे वॉचमन, दूधवाले, पेपरवाले, जवळचे व्हेट यांना विचारा. दवाखान्यात मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) आहे का, ते स्कॅन करून घ्या. 'सापडला आहे' असा मेसेज फिरवताना एखादी खूण मुद्दाम लपवून ठेवा, म्हणजे मालक म्हणून येणाऱ्याला ती विचारता येईल.

दुसरी चौकशी जास्त अवघड आहे. त्याला तिथून हलवायची खरंच गरज आहे का? गल्लीत जन्मलेला, वयानुसार हळूहळू नजर गेलेला कुत्रा त्या गल्लीचा कोपरान् कोपरा वासावर ओळखतो. रोज खायला घालणारं माणूस असेल, रहदारी कमी असेल, बाकीचे कुत्रे त्याला सांभाळून घेत असतील, तर त्याच्यावर तिथेच उपचार करणं हे अनोळखी फ्लॅटपेक्षा चांगलं. हलवायचं केव्हा? नजर अचानक गेली असेल, इतर कुत्रे चावत असतील, डोळ्यात अळ्या पडल्या असतील, मोठा रस्ता किंवा बांधकाम शेजारी असेल किंवा तो पिल्लू असेल तर.

*सावधान:* वेदनेत असलेल्या आंधळ्या कुत्र्याला अचानक हात लावला तर तो चावू शकतो. आधी बोला, हाताचा वास घेऊ द्या, मग टॉवेल टाकून उचला. चावला किंवा ओरखडलं, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी अँटी-रेबीज लस सुरू करा. तो घरातला वाटतो, म्हणून टाळाटाळ करू नका.

टप्पा २: डॉक्टरला विचारायचे तीन प्रश्न

'याला दिसतं का' हा प्रश्न पुरेसा नाही. का दिसत नाही, आत्ता दुखतंय का आणि हा आजार पुढे वाढणार आहे का, हे तिन्ही विचारून उत्तरं कागदावर घ्या. नवं घर याच उत्तरांवर ठरणार आहे.

कारणानुसार सगळं बदलतं. मार लागून किंवा जखम चिघळून डोळा गेला असेल, तर जखम भरल्यावर विषय संपतो. मोतीबिंदू असेल तर आधी रक्तातली साखर तपासायला सांगा, कारण मधुमेह झालेल्या कुत्र्यांत मोतीबिंदू झपाट्याने पिकतो. अशा कुत्र्याला रोज इन्सुलिन देणारं घर लागतं. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया कुत्र्यांतही होते. पण आतला पडदा काम करत असेल तरच तिचा उपयोग, आणि ते आधी तपासता येतं. गोचीड तापामुळे डोळ्यात सूज किंवा रक्तस्राव होऊन नजर जाऊ शकते. तिथे रक्ततपासणी आणि साधारण चार आठवड्यांची गोळ्यांची ट्रीटमेंट लागते, आणि लवकर सापडलं तर काही वेळा नजर थोडी परतते. डिस्टेंपर या विषाणूच्या आजारामुळे नजर गेली असेल तर थांबा. या आजारात झटके, स्नायूंचं फडफडणं अशी लक्षणं काही आठवड्यांनी उगवू शकतात.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते काचबिंदूकडे. कुत्र्याच्या डोळ्यातला दाब साधारण १० ते २५ mmHg (मिलिमीटर पारा) असतो. तो खूप वाढला की डोळा सतत ठणकतो, पण कुत्रा रडत नाही. तो फक्त कोपऱ्यात पडून राहतो आणि आपण त्याला 'शांत स्वभावाचा' म्हणतो. ज्या डोळ्याची नजर कायमची गेली आहे आणि जो दुखतोच आहे, तो काढून टाकायचा सल्ला डॉक्टरांनी दिला तर घाबरू नका. टाके निघाले की असे कुत्रे खेळायला लागतात. अडॉप्शन लांबेल म्हणून हे ऑपरेशन नव्या घरावर ढकलू नका.

डोळ्यांची नीट तपासणी करणारं यंत्र प्रत्येक दवाखान्यात नसतं. मुंबईत परळ, सातारा जिल्ह्यात शिरवळ, तसंच नागपूर, परभणी, उदगीर आणि अकोला इथे सरकारी पशुवैद्यकीय शिक्षणसंस्था आहेत. तुमचे डॉक्टर चिठ्ठी देत असतील तर तिथल्या दवाखान्यातही चौकशी करा.

*सावधान:* मेडिकलमधून मनाने डोळ्याचे थेंब आणू नका. बुबुळावर जखम असताना स्टेरॉइडचे थेंब घातले तर ती खोल जाऊन डोळा फुटू शकतो. हिरवा रंग घालून बुबुळ तपासल्याशिवाय कोणतेही स्टेरॉइड थेंब नकोत.

*तपासा:* कापसाचा बोळा त्याच्यासमोर आवाज न करता सोडा. दोन्ही बाजूंनी, उजेडात आणि अंधारात. पुष्कळ 'आंधळ्या' कुत्र्यांना उजेड-सावली कळते किंवा एका डोळ्याने अंधुक दिसतं. डोळ्यासमोर हात नेऊन ठरवू नका. हाताचा वारा लागूनही तो पापणी मिटतो. शिवाय साधारण तीन महिन्यांखालची पिल्लं नजर चांगली असूनही या चाचणीला दाद देत नाहीत.

टप्पा ३: लस, नसबंदी, वेगळं ठेवणं

पहिले दोन आठवडे त्याला घरातल्या इतर कुत्र्यांपासून वेगळं ठेवा. जंतनाशक, गोचीड-पिसवांचं औषध, अँटी-रेबीज आणि डिस्टेंपर-पार्वोची एकत्रित लस डॉक्टरांच्या वेळापत्रकाने पूर्ण करा. कानाला कापलेली खाच दिसली तर त्याची नसबंदी आधीच झालेली असते. नसेल, तर ती करूनच द्या. 'नंतर आम्ही करू' हे आश्वासन बहुतेक वेळा हवेत विरतं. आंधळेपणाचं कारण आनुवंशिक असेल तर पुढची पिल्लंही भोगतात.

टप्पा ४: फॉस्टर घरात त्याला तयार करणं

मेहनतीचा टप्पा हाच. कुत्रा घरात सैल होतो तो इथे, आणि त्याच्याबद्दल खरं काय सांगायचं तेही इथेच कळतं.

एका खोलीपासून सुरुवात करा. अंथरूण, पाण्याचं भांडं आणि शू-शीची जागा ठरवा आणि पुन्हा हलवू नका. पट्टा लावून भिंतीच्या कडेकडेने त्याला फिरवा, रोज त्याच दिशेने. एक खोली पाठ झाली की दुसरी. उचलून इकडून तिकडे नेऊ नका, कारण उचललेल्या कुत्र्याला आपण कुठून कुठे आलो हे कळत नाही आणि पाठ झालेलं सगळं विस्कटतं. अगदी उचलावंच लागलं, तर पाण्याच्या भांड्यापाशी खाली ठेवा. तिथून त्याला दिशा सापडते.

जिन्याच्या आणि दाराच्या तोंडाशी काथ्याचं पायपुसणं टाका. पायाखालचा पोत बदलला की पुढे काहीतरी आहे, हे तो काही दिवसांत शिकतो. खुणेसाठी सुगंधी तेलं लावायचा सल्ला पुष्कळ जण देतात. मी तो देत नाही. त्यातली काही, विशेषतः टी ट्री, कुत्र्यांना विषारी असतात आणि तीव्र वास त्याचं बाकीचं नाक बधिर करतो. फिनाइलचंही तेच. ज्या फरशीवर रोज उग्र फिनाइल फिरतं, तिथे तो रोज नव्याने हरवतो.

मग शब्द. पाच-सहा पुरतात: 'थांब' (पुढे अडथळा), 'वर' आणि 'खाली' (पायरी), 'सावकाश', 'ये', आणि हात लावण्याआधी त्याचं नाव. घरातल्या सगळ्यांनी हेच शब्द वापरायचे. एकजण 'थांब', दुसरा 'रुक', तिसरा 'स्टॉप' म्हणत असेल तर तो काहीच शिकणार नाही. शब्द कागदावर लिहून ठेवा. नवं घर गुजराती असो की कानडी, कुत्र्यासोबत हेच शब्द जायला हवेत.

बाहेर नेताना गळपट्ट्यापेक्षा छातीचा हार्नेस बरा. पट्टा ओढला जाऊन मानेवर दाब आला की डोळ्यातला दाबही वाढतो. काचबिंदू असलेल्याला तर गळपट्ट्याने ओढूच नका.

रोजच्या नोंदी ठेवा: एकटा किती वेळ राहतो, कुकरच्या शिट्टीला काय करतो, झोपेत हात लागला तर गुरगुरतो का, खाताना जवळ आलेलं चालतं का, इतर कुत्री, मांजर, लहान मुलं यांच्याशी कसा. न आवडणाऱ्या गोष्टीही लिहा. परत आलेल्या कुत्र्यांच्या बाबतीत घरच्यांची खरी तक्रार बहुधा 'आंधळा होता' ही नसते, 'हे आम्हाला सांगितलंच नव्हतं' ही असते.

*तपासा:* पुढे जाण्याआधी या चारही गोष्टी जमल्या पाहिजेत. स्वतः पाण्यापर्यंत जातो, 'थांब' म्हटल्यावर थांबतो, ठरलेल्या जागी शू करतो, रात्री सलग झोपतो. न जमलेली एखादी गोष्ट असेल तर अजून दोन आठवडे द्या.

टप्पा ५: पोस्ट

'बिचारा', 'नशिबाचे भोग', 'कुणी माणुसकी दाखवेल का' हे शब्द काढून टाका. त्यांनी दया येणारी माणसं जमतात आणि दयेवर पंधरा वर्षं काढता येत नाहीत. आधी स्वभाव, मग नजर, मग अट, या क्रमाने लिहा. उदाहरणार्थ:

'मोती, साधारण ३ वर्षांचा नर, मध्यम आकाराचा देशी कुत्रा. पोटावर हात फिरवलेला फार आवडतो, टीव्हीच्या आवाजात झोपतो. दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. डोळ्यांना वेदना नाहीत, औषध चालू नाही. नसबंदी आणि लसी पूर्ण. घरात स्वतः फिरतो, चार पायऱ्या चढतो-उतरतो. मांजर चालत नाही. दहा वर्षांखालील मूल नसलेलं, दिवसभर कुणीतरी असणारं घर हवं. घर पाहून आणि लेखी करारानंतरच देऊ. पुणे आणि पिंपरी-चिंचवड.'

डोळे नसलेल्या चेहऱ्याचा जवळून फोटो पहिला लावू नका, पण लपवूही नका. दुसरा किंवा तिसरा लावा. फोटोंपेक्षा व्हिडिओ जास्त काम करतो. तो खोलीतून चालत जाऊन पाणी पितोय, नावाने हाक मारल्यावर येतोय, असा अर्ध्या मिनिटाचा, गाणं न लावलेला. लोकांच्या डोक्यातलं आंधळ्या कुत्र्याचं चित्र त्याने बदलतं.

गणपती ते दिवाळी या काळात नवं घर देऊ नका. ज्याचा सगळा भार कानांवर आहे, त्याला नव्या घरात ढोल-ताशे आणि फटाके एकदम सोसायला लावणं क्रूर आहे. चौकश्या घ्या, घरं बघून ठेवा, सोपवा दिवाळीनंतर.

टप्पा ६: फोनवरची चाळणी

पहिल्या फोनवर हो म्हणू नका, नाहीही म्हणू नका. विचारा:

१. घरात कोण कोण आहे आणि सगळ्यांना माहीत आहे का? एकाचाही विरोध असेल तर थांबा. ज्या आजी-आजोबांचा दिवस कुत्र्यासोबत जाणार आहे, त्यांच्याशी स्वतः बोला.

२. घर भाड्याचं आहे का? असेल तर मालकाची लेखी परवानगी मागा. सोसायटीला पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, हे भारतीय पशु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. पण अकरा महिन्यांच्या करारातल्या भाडेकरूला घरमालकाने 'कुत्रा काढा' म्हटलं, की त्याचा फटका कुत्र्यालाच बसतो.

३. दिवसाचे किती तास तो एकटा असेल?

४. गावी गेलात, बदली झाली, लग्न ठरलं, बाळ झालं, तर? उत्तरापेक्षा उत्तर देण्याची पद्धत ऐका. 'बघू तेव्हा' म्हणणाऱ्यापेक्षा 'बहिणीकडे ठेवू, तिच्याशी बोललोय' म्हणणारा बरा.

५. आधीच्या कुत्र्याचं काय झालं, आणि व्हेट कोण होते? त्या व्हेटना फोन करा.

काही उत्तरांवर तिथेच थांबायचं. 'फार्महाऊसवर राखणीला हवाय', 'गच्चीवर ठेवू', 'मुलीला वाढदिवसाला सरप्राइज', 'फुकटच आहे ना?' यातल्या फार्महाऊसवाल्यांशी वाद घालावा लागतो, कारण मोकळी जागा म्हणजे चांगलंच असं सगळ्यांना वाटतं. आंधळ्या कुत्र्याला मोकळ्या जागेपेक्षा ओळखीची जागा लागते. शेतावर विनाकठड्याची विहीर, उघडा हौद, साप, बाहेरून येणारी कुत्री आणि रात्री माणूस नाही, असं सगळं एकत्र असतं.

टप्पा ७: घर बघणं आणि भेट

आधी व्हिडिओ कॉल, मग प्रत्यक्ष. व्हिडिओवर फक्त हॉल दिसतो. स्वतः जाऊन पाहायचं ते हे:

गॅलरीच्या गजांतून डोकं जातं का, जाळी आहे का. आतल्या जिन्याला लहान मुलांसाठी लावतात तसं फाटक बसेल का. टेबलाचे कोपरे त्याच्या चेहऱ्याच्या उंचीवर येतात का. येत असतील तर फोम लावून घ्या. तुळशीवृंदावनाची टोकदार कड, कुंड्यांचे काटे, खाली लोंबणारी निवडुंगाची टोपली यांतलं काही वाटेत आहे का. लिफ्ट जाळीच्या दाराची आहे का. असेल तर शेपूट आणि पंजा कसा सांभाळायचा ते दाखवा.

घरी काम करायला येणाऱ्या ताईंनाही भेटा. केर-पोछा करताना दार उघडं राहणं, बादली वाटेत राहणं, खुर्च्या हलणं हे सगळं त्यांच्या वेळेत होतं. त्यांना कुत्र्याचं नाव आणि 'थांब' हा शब्द सांगितला तर निम्मे अपघात टळतात.

भेट दोनदा घडवा. पहिली फॉस्टर घरी, जिथे तो निवांत असतो. सगळ्यांनी जमिनीवर बसायचं, कुणी त्याच्याकडे झेपावायचं नाही, नाव घ्यायचं आणि हात पुढे करून थांबायचं. दुसरी नव्या घरी, तासाभराची. घरात आधीचा कुत्रा असेल तर पहिली ओळख बाहेर, दोघेही पट्ट्यावर. आंधळ्या कुत्र्याला समोरच्याची शेपूट, कान, डोळे वाचता येत नाहीत. त्यामुळे 'लांब राहा' ही खूण त्याला कळत नाही आणि भांडण होतं. घरातल्या आधीच्या कुत्र्याच्या पट्ट्याला छोटा घुंगरू लावला तर पुष्कळ फरक पडतो.

*सावधान:* भेटीच्या दिवशीच 'घेऊनच जातो' असा आग्रह झाला तरी देऊ नका. एक रात्र जाऊ द्या.

टप्पा ८: कागद

साध्या कागदावर करार पुरतो, पण त्यात एवढं हवं: दोघांचे ओळखपत्राचे तपशील, कुत्र्याचं वर्णन आणि आंधळेपणाचा स्पष्ट उल्लेख, दोन ते तीन आठवडे चाचणीचे, आणि सांभाळणं जमलं नाही तर तो परत तुमच्याकडेच येईल, परस्पर दुसऱ्याला दिला जाणार नाही, ही अट. कुत्र्याला सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली गुन्हा ठरू शकतो, हे करारात एका ओळीत लिहा. सोबत लसीचं पुस्तक, नसबंदीचा दाखला, डोळ्यांचे रिपोर्ट आणि तुमची नोंदवही द्या. मूळ कागदांचे फोटो स्वतःकडे ठेवा. महापालिकेच्या हद्दीत कुत्र्याचा परवाना लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला मागतात. नव्या घरच्यांनी अर्ज भरला की नाही, ते विचारा.

मायक्रोचिप बसवून घ्या आणि गळ्यात बिल्ला घाला: फोन नंबर आणि 'मला दिसत नाही' एवढंच. हरवला तर हा एक शब्दप्रयोग सापडणाऱ्याचं वागणं बदलतो.

टप्पा ९: सोपवण्याचा दिवस आणि पहिला आठवडा

शक्यतो गाडीने, तुम्ही सोबत. लांबच्या घरी रेल्वेने न्यायचं असेल, तर फर्स्ट एसीची पूर्ण केबिन किंवा कूपे आरक्षित असेल तरच कुत्रा तुमच्यासोबत बसू शकतो. नाहीतर तो ब्रेक व्हॅनमधल्या (गार्ड आणि सामानाच्या डब्यातल्या) पेटीत जातो. आंधळ्या कुत्र्याला त्या पेटीत पाठवू नका, घर कितीही चांगलं असो.

न धुतलेली चादर आणि जुनं भांडं सोबत द्या. आंघोळ घालून, परफ्यूम मारून नेऊ नका. नव्या घरी थेट त्याच्या खोलीत न्या, पाणी दाखवा, भिंतीकडेने एक फेरी मारा आणि तिथून निघा. तुम्ही तासभर रेंगाळलात तर तो तुमच्याच वासाला चिकटून राहतो.

पहिले तीन दिवस एकच खोली, पाहुणे नाहीत, रील नाहीत. तो जेवला नाही, एकाच जागी गोल फिरला, रात्री कण्हला तर घाबरायचं नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. रात्री खोलीत कुणीतरी झोपावं. फर्निचर महिनाभर तसूभरही हलवू नये. हेलो म्हणतात ती डोक्याभोवतीची कडी घाबरट कुत्र्याला सुरुवातीला उपयोगी पडते, पण दिवसभर घालून ठेवू नये आणि एकटा असताना तर नकोच.

*लगेच डॉक्टरकडे:* डोळा लाल होणं, पाणी किंवा पू येणं, डोळा पंजाने घासणं, दोन दिवस पूर्ण उपाशी राहणं, झटका येणं.

टप्पा १०: पाठपुरावा

तिसऱ्या दिवशी फोन, पहिल्या आणि तिसऱ्या आठवड्यात व्हिडिओ, तिसऱ्या महिन्यात भेट. 'कसा आहे?' विचारलं की 'मस्त' असंच उत्तर येतं. त्याऐवजी 'काल कुठे धडकला?', 'रात्री किती वाजता उठला?', 'शू कुठे केली?' असं विचारा. अडचण असेल तर ती याच उत्तरांत दिसते, आणि सुरुवातीच्या अडचणी बहुतेक एखादं भांडं किंवा चटई जागेवर नसल्याने होतात.

तरीही तो परत आला, तर घरच्यांना बोल लावू नका. पुढच्या वेळी काय बदलायचं ते फक्त त्यांनाच माहीत असतं. नेमकं केव्हा, कुठे, कशावरून बिनसलं ते शांतपणे विचारून नोंदवहीत लिहा, डोळे पुन्हा तपासून घ्या आणि चौथ्या टप्प्यापासून परत सुरू करा. जुनीच पोस्ट पुन्हा फिरवू नका. नवीन माहिती घालून, नवा व्हिडिओ काढून, त्याला कोणतं घर चाललं नाही तेही लिहून नवी पोस्ट करा.